आठ मैलांच्या दोन रेल्वे

बुलढाणा जिल्ह्यात सोयरीक काढताना गावाच्या आधी घाट विचारतात. घाटावरचे की घाटाखालचे? मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, खामगाव हे घाटाखालचं. पूर्णेचं खोरं, काळी जमीन, खारपाण पट्टा, मधून गेलेली मुंबई-नागपूर रेल्वे आणि मे महिन्यात घराबाहेर पडू न देणारं ऊन. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावरचं. आणि घाटाच्या अगदी कडेला, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, जिल्ह्याचं मुख्य ठिकाण.

आता गंमत बघा. पैसा खामगावात, देव शेगावात, जिजाऊंचं माहेर सिंदखेड राजात, परदेशी पाहुणे लोणारच्या सरोवरावर. मलकापूरला मेनलाइनचं स्टेशन, चिखलीला भरभक्कम बाजार. मग बुलढाण्यात काय आहे? रेल्वे नाही. नाव घ्यावं अशी गिरणी नाही. बाजार आहे तो गावापुरता. बुलढाण्यात लोक राहतात, एवढंच. नोकरीसाठी येतात, बदली झाली तरी बायकामुलांना इथंच ठेवतात, निवृत्त झाले की जांभरुण रोडला किंवा सुंदरखेडला घर बांधतात आणि कायमचे होतात. घाटाखालच्या माणसाला विचारा, तो म्हणेल, बुलढाण्याला काम असतं तेव्हा जावं लागतं, पण राहायला गाव चांगलं. या ‘पण’मध्ये दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याची सुरुवात कापसापासून होते आणि त्याचं दुसरं टोक इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायरात सापडतं.

खामगावच्या बाजारात कापूस पारखणारा व्यापारी एकदा जवळ उभं राहून पाहावा. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तो तळातला मूठभर कापूस काढतो, कारण वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात. सरकीपासून रुई ओढतो. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ती तोडतो, तुकडे एकावर एक ठेवतो, पुन्हा तोडतो. तीन-चार वेळा असं केलं की चिमटीत सरळ झालेल्या तंतूंची लांबी नुसत्या डोळ्यांना कळते. मग मूठ दाबून ओल पाहायची, कवडी किती आहे ते पाहायचं आणि भाव बोलायचा. गाडीजवळ उभा असलेला शेतकरी या सबंध वेळात व्यापाऱ्याच्या बोटांकडे पाहत नाही, तोंडाकडे पाहतो. वर्षभराचा हिशेब त्या अर्ध्या मिनिटात ठरतो. एक क्विंटल कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. हे गणित दोघांनाही पाठ असतं, तरी बोलणी होतातच.

तंतूच्या या लांबीनं एके काळी मँचेस्टरला रडवलं होतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेच्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. हजारो चाती बंद पडली. लाखो माणसं धर्मादाय पैशांवर आणि लंगरातल्या सुपावर जगू लागली. पुढची चार वर्षं तिथं ‘कापसाचा दुष्काळ’ म्हणून ओळखली जातात. तेव्हा हिंदुस्थानातून जो कापूस गेला त्याला तिथले कामगार सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि नाक मुरडत. धागा आखूड, सारखा तुटणारा, त्यात कचरा. यंत्रावर दुप्पट लक्ष द्यायचं आणि मजुरी मात्र निघालेल्या मालावर. आमच्या वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात उमरावतीवरून ‘उमरा’ असं नाव पडलं आणि त्यातही खामगावच्या मालाची वेगळी ओळख राहिली. तिथल्या उपाशी विणकरानं खामगावचं नाव ऐकलं असेल तर शिवी देतानाच ऐकलं असणार.

इकडे मात्र पाऊस पडावा तसा पैसा पडला. खामगाव तेव्हा काही जुनं शहर नव्हतं. १८२०च्या सुमारास थोड्या व्यापाऱ्यांनी दुकानं घातली. तूप, सूत आणि जराजरासा कापूस. त्याआधी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. शेकडो मैल. वाटेत पाऊस, धूळ, चोरी, आणि शेवटी पोचेल तो माल. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढच्या दशकात रेल्वे पूर्णेच्या खोऱ्यातून सरकत १८६७ साली नागपूरला पोचली. पण मेनलाइन खामगावाला चुकवून गेली. देशातल्या मोठ्या कापूस बाजारांपैकी एक, आणि स्टेशन आठ मैल लांब जलंबला! हे इंग्रजांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी जलंब ते खामगाव खास फाटा टाकला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला जातीनं आला. हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी आठ मैलांच्या रुळासाठी वऱ्हाडात येतो, यावरूनच कापसाचं वजन काय होतं ते कळावं.

त्या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त म्हणून एक अधिकारी होता, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. माणूस हुशार आणि स्पष्टवक्ता. रेल्वेनं विलायती कापड स्वस्तात आत येईल, इथल्या विणकराचा माग बसेल आणि तोच विणकर कापसाच्या शेतात मजूर म्हणून मिळेल, असा त्याचा उघड हिशेब होता आणि त्यानं तो लपवून ठेवला नाही. साम्राज्याचं अर्थशास्त्र इतक्या सरळपणे मांडणारे अधिकारी थोडे. १८६९ला सुएझचा कालवा खुला झाला, १८७०ला समुद्राखालची तार मुंबईपर्यंत आली. लिव्हरपूलचा भाव आता महिन्यांनी येत नव्हता. ज्वारीच्या रानात कापूस वाढत गेला. १८९९-१९००च्या छपन्नाच्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली, तेव्हा रेल्वे होती, बाजार होता, तारही होती. मजुराच्या हातात धान्य विकत घेण्याइतका पैसा नव्हता.

या सगळ्याचं मँचेस्टरकडचं टोक मात्र आठवणीत ठेवण्यासारखं आहे. मँचेस्टरहून नैर्ऋत्येला ऑल्ट्रिंगम नावाचं गाव आहे. १२९० सालची बाजाराची सनद असलेलं जुनं बाजारगाव, तेव्हा चेशायरमध्ये होतं. १८४९ साली मँचेस्टर ते ऑल्ट्रिंगम रेल्वे सुरू झाली. लांबी आठ मैल. बरोबर आपल्या जलंब-खामगाव फाट्याइतकीच. पण या आठ मैलांवरून कापूस जात नव्हता. कापसात पैसा केलेला माणूस संध्याकाळी पेढी बंद करून घरी जात होता. मँचेस्टरमध्ये धूर. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येणारा, त्यामुळे त्या दिशेच्या गावांवर धूर कमी. शेजारच्या बाउडनच्या टेकडीवर व्यापाऱ्यांचे बंगले उठले, बागा झाल्या, शाळा झाल्या. त्या सगळ्या पट्ट्याचा धंदा एकच झाला: राहणं. आजही तिथली घरं महाग आहेत, शाळांचं नाव आहे आणि ट्राममध्ये बसून लोक मँचेस्टरला कामाला जातात.

म्हणजे एकाच पिकासाठी दोन देशांत दोन छोट्या रेल्वे. तिकडची माणूस घरी पोचवायला, इकडची माल घराबाहेर काढायला. खामगावच्या कष्टकऱ्यासाठी टेकडीवर बंगला कुणी बांधला नाही, हे सांगायला नकोच. पण टेकडी इकडेही होती, आणि तिच्यावर बंगलेही झाले. फक्त ते व्यापाऱ्यांचे नव्हते, सरकारचे होते.

१८६४ साली वऱ्हाडचा हा नैर्ऋत्य कोपरा वेगळा जिल्हा झाला तेव्हा ठाणं मेहकरला होतं. १८६७ला ते बुलढाण्याला आलं. का आलं, याचं उत्तर एप्रिलमध्ये राजूर घाट चढणाऱ्या एसटीत बसलं की आपोआप मिळतं. मोताळ्यापर्यंत खिडकीतून भट्टीसारखा झोत येत असतो. वळणं सुरू होतात, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येते, आणि वर पोचेपर्यंत तोच झोत वारा होतो. खालच्यापेक्षा तीनशे-साडेतीनशे मीटरचा फरक, तेवढ्यानं रात्रीची झोप लागते. साहेबाला आणखी काय हवं होतं? वऱ्हाडातली सगळ्यात सुखद हवा बुलढाण्याची, असं जुन्या गॅझेटियरांनीही म्हटलं आहे. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम इथं उभं राहिलं ते याच हवेपायी.

साहेबानं हवा निवडली आणि जिल्ह्याची कचेरी रेल्वेपासून अठ्ठावीस मैलांवर जाऊन बसली. १९०१च्या जनगणनेत बुलढाण्याची वस्ती जेमतेम चार हजारांवर होती, खामगावची अठरा हजारांवर. गंमत म्हणजे खामगाव तेव्हा या जिल्ह्यात नव्हतंच, अकोल्यात होतं. १९०५ साली खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. म्हणजे चार हजारांच्या निवांत गावाच्या हाताखाली अठरा हजारांचं श्रीमंत गाव आलं. खामगावकरांच्या मनातला सल तेव्हापासूनचा असावा. खामगाव जिल्हा व्हावा ही मागणी आजही प्रत्येक निवडणुकीत उठते. बुलढाण्यातले लोक ती ऐकून हसतात, आणि जरासे घाबरतातही. का, ते पुढे येईल.

कचेरी आली की कारकून येतो. कारकून आला की वकील, मास्तर, डॉक्टर, खानावळ. बुलढाण्याचा पहिला मोठा माणूस, खरं तर मोठी बाई, याच कारकुनी घरातली आहे. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते, सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला, ताराबाईंना, मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. ताराबाईंचं लग्न झालं तेही घरजावई करून. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर ताशेरे सुरू झाले. त्यावर संतापून बुलढाण्याच्या या बाईनं ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. इतकं झणझणीत मराठी गद्य त्या शतकात दुसऱ्या कुणा बाईनं लिहिलेलं मला माहीत नाही, आणि पुरुषांतही फार जणांनी नाही. टीका इतकी झाली की जोतीराव फुल्यांना १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. नंतर ते पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

ताराबाईंचं पुस्तक आपण पुण्या-मुंबईच्या सुधारणेच्या इतिहासात वाचतो. ते बुलढाण्याच्या इतिहासातही वाचायला हवं. त्यात घरातल्या पुरुषांचं जे बारीक निरीक्षण आहे, त्यांच्या ऐटीचं आणि ढोंगाचं, ते नोकरदारांच्या वस्तीत राहिल्याशिवाय यायचं नाही. सकाळी पागोटं घालून साहेबापुढे वाकणारा आणि संध्याकाळी घरी येऊन साहेब होणारा पुरुष तिच्या आसपास पैशाला पासरी असणार. बापाच्या नोकरीमुळे या बाईला पुस्तकं मिळाली आणि त्याच नोकरदार वर्गानं तिला विषय पुरवला, असा माझा तर्क आहे.

घाटावरच्या लेखनाची रेघ तिथून पुढे चालत आली. मेहकरला वकिली करत ना. घ. देशपांडे कविता लिहीत राहिले. ‘खूणगाठी’ला १९८६ साली साहित्य अकादमी मिळालं. ‘बारोमास’ लिहिणारे सदानंद देशमुख बुलढाण्यात राहतात. त्यांना २००४ सालचं अकादमी मिळालं. ती कादंबरी शिकलेल्या पोराची आणि तोट्यातल्या शेतीची आहे. ती बुलढाण्यात बसून लिहिली जावी यात नवल नाही. या गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराचं एक टोक कुठल्या तरी खेड्यातल्या शेतात आहे.

खेड्यांतून बुलढाण्यात येणाऱ्यांचा ओघ १९६२ला जिल्हा परिषद आली तेव्हापासून वाढला. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य सेवक, पंचायत समितीचे बाबू. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला पगार मिळाला आणि त्यानं पहिली गोष्ट केली ती बुलढाण्यात खोली. मग मुलांच्या शाळेचं निमित्त. एडेड हायस्कूल, जिजामाता महाविद्यालय, नंतरच्या इंग्रजी शाळा. विष्णुवाडी, चैतन्यवाडी, चिखली रोड, सर्क्युलर रोड अशा वस्त्या भरत गेल्या. आज सुंदरखेड नावाला ग्रामपंचायत आहे, पण शहर कुठं संपलं ते सांगता येत नाही. घराची तऱ्हाही ठरलेली. खाली मालक, वर भाडेकरू, जिन्याखाली दुचाकी, गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या. दोन का, तर पाणी रोज येत नाही. पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून शहराला पाणी मिळतं. पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडणारे गोडबोले गेट तिथं आहेत. पावसाळ्यात ते पाहायला गर्दी होते आणि उन्हाळ्यात त्याच धरणाच्या तळाकडे पाहून लोकांच्या पोटात गोळा येतो.

खालच्या मजल्यावरच्या मालकाच्या टेबलावर हमखास दिसणारी वस्तू म्हणजे पतसंस्थेचं पासबुक. १९८६ साली इथं सुरू झालेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्था राधेश्याम चांडक यांनी इतकी वाढवली की आज तिच्या शाखा अनेक राज्यांत आहेत, शेतमालाची गोदामं आहेत, शाळा आहे. उद्योग नसलेल्या गावात एवढी मोठी पतसंस्था कशी उभी राहिली, हा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. मला तर ते अगदी साहजिक वाटतं. दर महिन्याच्या पगाराचं आणि निवृत्तीच्या रकमेचं गाव आहे. ठेवी इथं नाही तर कुठं जमणार? व्यापारी खामगावात पैसा फिरवतो, नोकरदार बुलढाण्यात तो ठेवतो. सहकाराचा विषय निघाला की लँकेशायर पुन्हा आडवं येतं. २१ डिसेंबर १८४४ रोजी मँचेस्टरजवळच्या रॉचडेलला टोड लेनवर विणकर-कामगारांच्या संस्थेनं पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या विकणारं दुकान उघडलं, आणि जगभरच्या सहकाराचा दाखला तेव्हापासून त्यांचा दिला जातो. आपल्या पतसंस्थांची वंशावळ खरं तर जर्मनीच्या रायफायझनकडे जाते. पण ‘एका सभासदाला एक मत’ हे तत्त्व रॉचडेलचंच.

लँकेशायरशी जोडणारा तिसरा धागा साबणाचा. खामगावच्या एमआयडीसीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. त्या कंपनीचा मूळपुरुष विल्यम लिव्हर लँकेशायरातल्या बोल्टनचा. त्यानं १८८८ साली मर्सी नदीच्या काठी पोर्ट सनलाइट वसवलं. कारखान्याला लागून कामगारांसाठी बागांसकट घरं, पुढे चित्रसंग्रहालयसुद्धा. लिव्हरला कामगारांच्या खासगी आयुष्यातही नाक खुपसायची सवय होती, हे खरं. तरी राहण्याचा विचार त्यानं कामाच्या विचाराबरोबर केला. आपल्याकडे एमआयडीसी काढताना रस्ता, वीज, पाणी यांचे नकाशे होतात, आणि कामगार कुठं राहील हे त्याच्यावर सोडलेलं असतं.

बुलढाण्याच्या निवांतपणाची किंमत बुलढाणेकर देत नाहीत. ती संग्रामपूर तालुक्यातला सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी देतो. त्याला जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत काम असेल तर पहाटे निघून दोन-तीन गाड्या बदलत, घाट चढून यायचं आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकून परतायचं. एका दिवसाची मजुरी, वर भाडं. १८६७ साली एका साहेबाला झोप लागावी म्हणून कचेरी जिथं गेली, तिथं ती दीडशे वर्षांनंतरही आहे आणि लोक हेलपाटे घालताहेत. खामगावकरांची जिल्ह्याची मागणी या बाजूनं पाहिली तर अगदी रास्त आहे. आणि बुलढाणेकर जरासे घाबरतात ते यामुळेच. अर्धी कचेरी खाली गेली, तर वरच्या मजल्यावरचा भाडेकरूही जाईल.

राहायला आलेल्यांत एकाचा उल्लेख टाळणं अन्याय होईल. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९च्या पावसाळ्यात निघाला; गळ्यात रेडिओ कॉलर, वनखात्याच्या नोंदीत नाव सी-१. तेलंगणातून, पैनगंगेच्या खोऱ्यातून, रस्ते, कालवे, कापसाची शेतं ओलांडत सुमारे तेराशे किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलढाणा-खामगाव रस्त्यावरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. जंगल दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, शिकार होती, पाणी होतं. वाघीण मात्र नव्हती. काही महिने काढून तोही पुढे गेला. गावात तेव्हा म्हणत, बदलीवर आला होता.

आता पुढच्या पिढीचीही तीच तऱ्हा आहे. बुलढाण्यात शिकून पोरं पुण्याला जातात, तिथून काही परदेशी. २०११ला शहराची वस्ती सदुसष्ट हजारांच्या घरात होती, खामगावची चौऱ्याण्णव हजारांच्या. बुलढाणा वाढतंय, पण त्यात निवृत्तांचा भरणा मोठा. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेड राजाच्या बाजूनं गेला, त्यामुळे पुण्याहून पोरं दिवाळीला लवकर पोचतात आणि लवकर परततात.

रेल्वेची गोष्ट अजून संपलेली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. सर्वेक्षणं झाली, आंदोलनं झाली, अलीकडे राज्य सरकारनं निम्मा खर्च उचलायची तयारीही दाखवली. लॉर्ड मेयोनं जिथं रूळ संपवले तिथून ते पुढे न्यायचे, इतकाच हा प्रस्ताव आहे, आणि तेवढ्यासाठी दीडशे वर्षं गेली. कापूस बाहेर काढायला लागणारे आठ मैल झटपट झाले. माणसांना ये-जा करायला लागणारे शंभर मैल अजून कागदावर. हा मार्ग झालाच तर घाट चढून चिखलीवरून देऊळगाव राजाकडे जाईल. बुलढाणा त्यावर नाही. मलकापूरचं स्टेशन आज पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, चिखलीचं पंचवीसच्या आत येईल, एवढाच काय तो फायदा. सुंदरखेडला निवृत्त मास्तरांच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, स्टेशन बुलढाण्यालाच हवं होतं. दुसरा म्हणतो, चिखलीला आलं तेच बरं. गाडी तिकडे थांबू द्या, आपल्याला रिक्षानं जाता येईल. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण संग्रामपूरहून आलेल्या माणसासमोर हे मत मला मोठ्यानं मांडता येत नाही.